जळकोटखालची आठ मीटर माती

(मोठा धागा आहे. सवडीने वाचावा.)

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेला प्रवासी नळदुर्ग मागे टाकतो, तेव्हा त्याच महामार्गावर पुढे जळकोट लागते. लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे जळकोट ते निराळे. हे तुळजापूर तालुक्यातले, धाराशिव जिल्ह्यातले. या परिसरात विहीर खणायला घेतली की दगडांचा क्रम ठरलेला असतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण, मध्येच कुठे विटेसारखा लाल थर आणि पुन्हा काळा पाषाण. या क्रमात हाड कुठेच येत नाही. शंखही येत नाही, पानाचा ठसाही नाही.

भारतातील डायनोसॉरांचे नकाशे पाहावेत. जबलपूरवर ठिपका असतो, गुजरातेतील बालासिनोरवर असतो, चंद्रपूर-गडचिरोलीवर असतात, तमिळनाडूतील अरियलूरवर असतो. मराठवाडा मात्र कोरा. हा कोरेपणा पाहून बहुतेक वाचक एक निष्कर्ष नकळत काढतात: इथे काही नव्हते. प्रस्तुत धाग्याचे म्हणणे असे, की हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि ही चूक भूगर्भशास्त्राची नसून इतिहासाच्या पद्धतीची आहे. शिलालेख नाही म्हणून गाव नव्हते असे विधान इतिहासाचा कोणताही विद्यार्थी आज परीक्षेतसुद्धा लिहिणार नाही. डायनोसॉरांच्या बाबतीत मात्र तेच विधान बिनदिक्कत केले जाते.

आधी त्या काळ्या पाषाणाविषयी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळाच्या अखेरीस, भारताच्या पश्चिम आणि मध्य भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला. शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर धूर, असे चित्र इथे मनातून काढून टाकलेले बरे. हा लाव्हा पुरासारखा पसरला. एक थर, मग विराम, मग दुसरा थर. विरामाच्या काळात वरचा दगड झिजे, त्याची माती होई, तळी साचत, झाडे उगवत. मग पुढचा थर येऊन ते सारे झाकून टाकी. विहिरीत दिसणारा तो लाल थर म्हणजे बहुधा अशाच एखाद्या विरामात झिजलेला आणि पुढच्या लाव्ह्याने भाजलेला जुना पृष्ठभाग. सह्याद्रीत हे थर एकावर एक रचले जाऊन जाडी दीड-दोन किलोमीटरांवर जाते. झीज होऊन उरलेला त्यांचा विस्तार आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. याच दगडात वेरूळ कोरले गेले, याच दगडाचा नळदुर्ग बांधला गेला आणि बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळी पाणीमहाल उभा राहिला तोही याच दगडातून.

वितळलेल्या दगडात हाड टिकत नाही, हे सांगायला नको. हाड टिकायला गाळ लागतो: नदीचा, तळ्याचा, पुराचा. डायनोसॉरांची हाडे ज्या खडकांत मिळतात तो ‘लमेटा’ नावाचा थर असा गाळाचाच आहे. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून त्याला हे नाव मिळाले. आणि तो असतो कुठे, तर या लाव्ह्याच्या खाली.

इथे थोडे थांबून नकाशा पुन्हा पाहावा. जबलपूर, नागपूर, चंद्रपूर, धार, बालासिनोर ही सारी ठिकाणे लाव्ह्याच्या काठावर किंवा लाव्हा झिजून खालचा खडक उघडा पडला आहे तिथे आहेत. भारतातील डायनोसॉर कुठे राहत होते याचा नकाशा म्हणून आपण जो पाहतो, तो बव्हंशी लाव्ह्याची गोधडी कुठे संपते याचा नकाशा आहे. गोधडीबाहेर आलेले पाय तेवढे मोजून घरात माणसे किती हे सांगावे, तसा हा प्रकार.

मग गोधडीखाली काय आहे? धाराशिव-लातूरच्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर एका भयंकर प्रसंगामुळे मिळाले. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे झोपेतच दगडमातीखाली गेली. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात पोहोचली. ज्या भागाला स्थिर, निर्धोक समजले जात होते तिथे असे का घडले हे शोधण्यासाठी नंतर किल्लारीत खोल वेधछिद्र घेण्यात आले. जळकोटपासून किल्लारी ५० किलोमीटरच्या आत आहे. त्या छिद्रातून निघालेल्या दगडाच्या कांड्यांनी सांगितलेली हकीकत अशी: वरून ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण, त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचा जुना स्फटिकी खडक.

ते आठ मीटर या धाग्याचा गाभा आहेत. भूकंपाचे कारण शोधणाऱ्यांच्या दृष्टीने तो तपशील दुय्यम होता, आणि ते स्वाभाविकही होते. हजारो माणसे गेलेली असताना कोणी डायनोसॉरांचा विचार करीत बसत नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर लाव्ह्याचा पहिला लोट या प्रदेशावर येण्याआधीची जमीन तिथे दिसते. पाणी वाहत होते, गाळ साचत होता. साताऱ्याकडे कोयनेला, १९६७ च्या भूकंपाच्या आणि नंतरच्या धक्क्यांच्या अभ्यासासाठी पुढे वेधछिद्रे घेतली गेली, तेव्हा ९३० मीटरांहून अधिक जाड लाव्ह्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला. मध्ये गाळ नव्हताच. म्हणजे हा थर सर्वत्र असतोच असे नाही. किल्लारीत तो आहे. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात, हाडे टिकण्याची जी पहिली अट, ती निदान एका ठिकाणी पूर्ण झालेली आहे. ती हाडे ३३८ मीटर कातळाखाली असतील तर ती कुणाला दिसणार नाहीत, एवढाच काय तो प्रश्न.

आता काठावर काय सापडले आणि कसे सापडले, याकडे वळू. कारण त्या ‘कसे’ मध्ये पुष्कळ काही दडलेले आहे.

भारतातील पहिला डायनोसॉर ज्याला मिळाला तो भूगर्भशास्त्रज्ञ नव्हता. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून इतिहासात गाजलेला विल्यम स्लीमन, तोच तो. १८२८ साली त्याने जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवरून काही अश्मीभूत हाडे उचलली. ‘डायनोसॉर’ हा शब्दच तेव्हा नव्हता. रिचर्ड ओवेनने तो १८४२ साली घडवला. हाडे हातोहाती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोहोचली. ब्राह्मी लिपी उलगडणारा प्रिन्सेप तो हाच. पुढे १८७७ साली रिचर्ड लायडेकरने शेपटीच्या मणक्यांवरून त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. (ठगांच्या इतिहासाचा दुसरा धागा थेट नळदुर्गला येतो हे इथे नोंदवण्याचा मोह आवरत नाही: ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही १८३९ ची कादंबरी लिहिणारा फिलिप मेडोज टेलर १८५० च्या दशकात नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. त्याने दख्खनमधल्या महापाषाणयुगीन थडग्यांची उकरणी केली. पण त्याच्या पायाखाली ३०० मीटर कातळ होता आणि स्लीमनच्या पायाखाली नव्हता. कुणाला काय सापडते हे कुतूहलापेक्षा कातळाच्या जाडीवर अधिक ठरते.)

टायटॅनोसॉरस या नावाची पुढची कथा उद्बोधक आहे. जगभर जिथे जिथे लांब मानेच्या प्राण्यांचे तसे मणके मिळाले, तिथे तिथे हेच नाव डकवले गेले. अर्जेंटिनात, युरोपात, मादागास्करात. अखेर २००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सगळा पसारा तपासला आणि असा निर्वाळा दिला की मूळ मणक्यांत त्या एका जातीला ओळखता येईल असे वैशिष्ट्यच नाही. म्हणून हे नाव संशयास्पद मानावे. त्या सुमारास मूळ मणका तरी कुठे होता? तो हरवला असे सगळे धरून चालले होते. २०१२ साली धनंजय मोहबे, शुभाशिस सेन आणि विल्सन यांना तो कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात, पुन्हा मिळाला. भारताचा पहिला डायनोसॉर जमिनीत सहा-साडेसहा कोटी वर्षे सुरक्षित राहिला आणि कपाटात गेल्यावर काही दशकांतच हरवला, ही गोष्ट पुराभिलेखागारात काम केलेल्या कोणालाही नवी वाटणार नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर खरा काठ चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोरा तालुक्यातील पिसदुरा. जळकोटहून सरळ रेषेत ४०० किलोमीटरच्या आसपास. इथे टेकडी फोडावी लागत नाही, बोगदा खणावा लागत नाही. नांगरलेल्या शेतात, पावसाने माती धुतली की वस्तू वर येतात. या भागाचा पहिला नामांकित अभ्यासक स्टीफन हिस्लॉप. १८४५ साली नागपुरात आलेला हा स्कॉटिश मिशनरी. त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही आहे. आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह त्याने नागपूर परिसराच्या भूगर्भाची आणि जीवाश्मांची पहिली व्यवस्थित मांडणी १८५० च्या दशकात लंडनच्या भूगर्भ परिषदेपुढे ठेवली. पिसदुऱ्याची हाडे त्याच्याच काळात उजेडात आली. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये, टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना, फुगलेला ओढा ओलांडताना तो बुडून मरण पावला. लायडेकरने पुढे पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून आणखी एक जात सांगितली, ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’. तिचीही गत वरच्यासारखीच झाली.

पिसदुऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीत मात्र १९८० च्या दशकात नशीब फळले. सोहनलाल जैन यांना एका लांब मानेच्या प्राण्याचा सांगाड्याचा बराच भाग एकत्र मिळाला. मान, पाठ, शेपूट, खांदा, पुढचा पाय. भारतीय लमेटा थरात अशी गोष्ट दुर्मीळ. एरवी हाडे विखुरलेलीच मिळतात. जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन केले. आज त्याचे नाव ‘आयसिसॉरस कोल्बर्टी’. यातले ‘आयसि’ म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, जिथे हे काम झाले. म्हणजे महाराष्ट्राच्या मातीतल्या सर्वांत चांगल्या डायनोसॉरच्या नावात महाराष्ट्र कुठेच नाही. याचे कुणाला वाईट वाटत असेल तर वाटू द्यावे. ज्याने खणले, जपले आणि लिहिले त्याचे नाव लागते. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ, प्राणहितेकाठच्या कोटा या गावावरून नाव मिळालेल्या आणखी जुन्या, ज्युरासिक थराचीही तीच कथा. त्या थरातून, नदीपलीकडच्या आजच्या तेलंगणातून, १९६० च्या सुमारास निघालेल्या ३०० हून अधिक हाडांतून ‘बारापासॉरस टागोराय’ उभा राहिला. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून ते नाव. तोही कोलकात्यातच आहे.

पण पिसदुऱ्याचे खरे धन हाडांत नाही. ते विष्ठेत आहे.

पिसदुऱ्याच्या शेतांत अश्मीभूत विष्ठेचे गोळे शेकड्यांनी मिळत आले आहेत. चार्ल्स मॅटलीने १९३९ साली त्यांचे आकारानुसार प्रकार पाडले. हाडांच्या मोहापायी बराच काळ त्यांच्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्यातल्या फायटोलिथांचा अभ्यास ‘सायन्स’ मध्ये प्रसिद्ध केला. फायटोलिथ म्हणजे वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकेचे सूक्ष्म कण. झाड कुजते, कण उरतात, आणि कणाच्या आकारावरून झाडाचे कूळ ओळखता येते. त्या गोळ्यांत शंकुधारी झाडांचे कण होते, ताडवर्गाचे होते, इतर सपुष्प झाडांचे होते आणि कुणाच्या स्वप्नातही नसलेले गवताचे होते. एक नव्हे, किमान पाच प्रकारचे गवत.

याचे महत्त्व लक्षात येण्यासाठी त्याआधीची समजूत आठवावी. डायनोसॉर संपले आणि पुढे बऱ्याच काळाने गवत पसरले, असे पाठ्यपुस्तके सांगत. चित्रकारांना सक्त ताकीद असे की डायनोसॉरांच्या पायाखाली गवत काढायचे नाही; नेचे काढा, सायकड काढा. पिसदुऱ्याने ती ताकीद मोडीत काढली. २०११ साली त्याच सामग्रीतून भाताच्या वंशाशी नाते सांगणारे गवत ओळखले गेले. ते गोळे लांब मानेच्या टायटॅनोसॉरांचे असावेत हा अंदाज अर्थातच सोबत मिळालेल्या हाडांवरून बांधलेला आहे. गोळ्यावर कर्त्याची सही नसते. पण तो प्राणी कुणीही असो, भारताच्या भूमीवर तेव्हा निरनिराळी गवते होती आणि ती कुणीतरी खात होते, एवढे पक्के झाले.

शाळूच्या रानात उभे राहून हे वाचणाऱ्याने क्षणभर विचार करावा. ज्वारी मूळची आफ्रिकेची, भारतात पुष्कळ नंतर आलेली. पिसदुऱ्याच्या गवताशी तिचे नाते दूरच्या भाऊबंदकीचेच. पण कूळ तेच. मराठवाड्याच्या काळ्या रानावर आज जे कूळ उभे आहे त्याचे पूर्वज, ते रान ज्या लाव्ह्यापासून बनले तो लाव्हा वाहण्याआधीच भारतात होते. आणि हे एकाही भव्य सांगाड्याने सांगितले नाही. शेतकरी पायाने बाजूला सारतो अशा गोळ्याने सांगितले.

इथून मुख्य मुद्द्याकडे यावे लागते. ‘डायनोसॉरांचे वैविध्य’ म्हणून आपण जी संख्या मोजतो ती नेमकी कशाची असते? समाजमाध्यमांवर दर आठवड्याला कुणीतरी यादी टाकते: भारतात अमुक इतके डायनोसॉर होते. या याद्यांचा मोठा भाग १९३३ च्या एका ग्रंथातून आलेला आहे. फ्रीड्रिश फॉन ह्युने आणि मॅटली यांनी जबलपूरच्या हाडांचे वर्णन केले तेव्हा मांसाहारी प्राण्यांची नावांमागून नावे ठेवली: इंडोसुकस, इंडोसॉरस, लेव्हिसुकस, कॉम्प्सोसुकस, जबलपुरिया, सीलुरॉइडिस, ड्रिप्टोसॉरॉइडिस, ऑर्निथोमिमॉइडिस. यातली कित्येक नावे सुट्या मणक्यांवर उभी आहेत. एकाच प्राण्याच्या मानेचा मणका आणि शेपटीचा मणका यांना दोन नावे मिळाली असण्याची शक्यता नंतरच्या अभ्यासकांनी वारंवार मांडली आहे आणि यांतील बहुतेक नावे आज संशयित मानली जातात. म्हणजे यादी फुगलेली आहे.

त्याच वेळी ती रोडावलेलीही आहे. मोठे हाड टिकते, दिसते, उचलले जाते. उंदराएवढ्या प्राण्याचा दात कोण पाहणार? लाव्ह्याच्या आग्नेय काठावर, आजच्या तेलंगणातील नस्कल येथे, लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळातून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ साली एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात जगापुढे आणले. नाव दिले ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी’. नागपूरच्या त्या बुडालेल्या मिशनऱ्याचे स्मरण. हे दात काही मिलिमीटरांचे. असे दात शोधायचे तर गाळाची पोतीच्या पोती पाण्यात विरघळवून बारीक चाळणीतून गाळायची आणि उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली कण-कण निवडायचा. ज्या देशात हे काम दोन-चार जणच करतात, तिथे लहान प्राण्यांचे वैविध्य कमी दिसणारच. ते प्राण्यांचे नव्हे, चाळण्यांचे वैविध्य आहे.

मुंबईचेही एक उदाहरण द्यावेसे वाटते. वरळीच्या टेकडीतील गाळाच्या थरात एकोणिसाव्या शतकात बेडकांचे नाजूक सांगाडे मिळाले. ओवेननेच १८४७ साली त्यांचे वर्णन केले आणि आज तो बेडूक ‘इंडोबॅट्रॅकस’ म्हणून ओळखला जातो. बेडकाचे हाड ते केवढे! ते टिकले कारण पाणी संथ होते आणि गाळ बारीक होता, आणि सापडले कारण शहर वाढत असताना तिथे दगड फोडला जात होता. वरळीला आज तो दगड पाहायला जाणाऱ्याला इमारती दिसतील.

तेव्हा यादी ही तीन चाळण्यांतून आलेली असते. काय गाडले गेले, काय उघडे पडले आणि कुणी काय उचलून नीट ठेवले. पहिल्या दोन चाळण्या निसर्गाच्या, तिसरी आपली. पहिल्या दोन चाळण्यांबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. तिसरीबद्दल मात्र जाब विचारता येतो, आणि विचारला पाहिजे.

तमिळनाडूतील कल्लमेडू येथील ‘ब्रुहत्कायोसॉरस’ हे या तिसऱ्या चाळणीचे सर्वांत बोचरे उदाहरण. १९८७ साली यादगिरी आणि अय्यासामी यांनी त्याचे वर्णन केले. पायाचे हाड इतके प्रचंड, की पृथ्वीवर चाललेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांत त्याची गणना होऊ शकली असती. पण दमट हवेत ती हाडे भुगा होऊन गेली. आज उरली आहेत ती रेखाटने आणि छायाचित्रे. जगभरचे अभ्यासक त्यावर वाद घालतात आणि वाद मिटण्याची शक्यता नाही, कारण पुरावाच नाही. जगातील कदाचित सर्वांत थोर प्राणी भारताने मिळवला आणि प्लास्टरच्या चार पिशव्या व एक कोरडी खोली यांअभावी गमावला.

पिसदुऱ्याचे काय? तिथली हाडे आणि गोळे शेतात उघड्यावर असतात. येणारा-जाणारा एखादा खिशात घालून नेऊ शकतो. गोळा नेला म्हणजे काय गेले? वस्तू गेली हे तर खरेच; पण तो कोणत्या थरातून, कोणत्या हाडाशेजारून आला ही माहिती गेली. शिलालेख फोडून त्यातले एक अक्षर घरी न्यावे तसे. पुरातन वस्तूंसाठी आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे. जीवाश्मांसाठी आणि भूवारशासाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने प्रसिद्ध केला तो डिसेंबर २०२२ मध्ये. त्या मसुद्यावर अभ्यासकांनीच टीका केली की सगळे अधिकार एकाच सरकारी संस्थेच्या हाती एकवटतात आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना आपल्याच जीवाश्मांसाठी परवानग्या मागत फिरावे लागेल. टीकेत तथ्य आहे. पण कायदा नको असा तिचा अर्थ काढणे म्हणजे छप्पर गळते म्हणून घरच पाडण्यासारखे.

कायद्याआधीही एक गोष्ट करता येते, आणि तिचा दाखला धाराशिव जिल्ह्यातच आहे. तेर. प्राचीन तगर, पेरिप्लसमध्ये उल्लेख असलेली व्यापारी नगरी. तिथली मृण्मये, मणी, हस्तिदंती वस्तू आज ज्या संग्रहालयात आहेत, त्याला नाव रामलिंगप्पा लामतुरे यांचे आहे. हे गृहस्थ गावातलेच. गावच्या पांढरीत मिळणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा करून राखल्या आणि तो संग्रह पुढे शासनाचा झाला. तेरचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या संग्रहापाशी जावे लागते. असा एखादा लामतुरे पिसदुऱ्याला लाभावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. फक्त त्याने प्रत्येक गोळ्यासोबत शेताचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी.

आता एक आक्षेप. हा सगळा तर्क मान्य केला तरी जळकोटला डायनोसॉर होते असे म्हणायला पुरावा कुठे आहे? हाड नाही, दात नाही, अंडे नाही. पुराव्याशिवाय गतवैभव उभे करण्याचा रोग आपल्या इतिहासलेखनाला पुरेसा जडलेला असताना त्यात सहा कोटी वर्षांपूर्वीची भर कशाला?

आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर मर्यादेनेच द्यावे लागेल. कोणती जात, किती संख्येने, याबद्दल जळकोटविषयी एक अक्षरही लिहिता येत नाही. लिहिले तर ती कादंबरी होईल. मात्र पुढील गोष्टी पुराव्यानिशी म्हणता येतात. लाव्ह्यापूर्वी या परिसरात जमीन होती आणि निदान किल्लारीत तिच्यावर गाळ साचला होता. ईशान्येला चंद्रपुरात, वायव्येला गुजरातेत, दक्षिणेला तमिळनाडूत त्या काळाच्या उत्तरार्धात मोठे प्राणी होते. गुजरातचा मांसाहारी ‘राजासॉरस’, ज्याचे वर्णन २००३ साली झाले, तो मादागास्करच्या आपल्या भाऊबंदांशी मिळताजुळता आहे. म्हणजे हे प्राणी आणि त्यांचे पूर्वज एकेका टेकडीपुरते राहणारे नव्हते. चारी बाजूंच्या रानांत हत्ती आहेत आणि मधल्या रानात ते कधी फिरकलेच नाहीत, असे म्हणणाऱ्यानेच खरे तर पुरावा द्यायला हवा. वैभवाचा प्रश्न इथे येतच नाही. डायनोसॉर कुणाचे पूर्वज नव्हेत. अंगणातली कोंबडी सोडून. तिचे मात्र आहेत. चीनमध्ये १९९६ साली पिसांच्या ठशांसह ‘सिनोसॉरोप्टेरिक्स’ मिळाल्यापासून त्या नात्यावरचा उरलासुरला संशयही मावळत गेला आहे.

आणि दुसरे. लाव्ह्याने या प्राण्यांना मारले की मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, चिक्शुलूबला, आदळलेल्या अशनीने, हा वाद अजून धगधगता आहे. अशनीकडे पारडे बरेच झुकलेले आहे. पण दख्खनच्या उद्रेकाचा वाटा किती, यावर २०१९ साली एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन कालमापनांतही उद्रेकाच्या वेगाबद्दल एकमत नव्हते. या वादाचा अर्धा पुरावा ज्या दगडात आहे तो दगड मराठवाड्याच्या प्रत्येक विहिरीत, प्रत्येक रस्त्याच्या कापलेल्या कडेत आहे. गुजरातेतील अंजारला लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात डायनोसॉरांचे अवशेष मिळालेले आहेत. म्हणजे पहिला लाव्हा आल्यावरही ते तिथे होते, दोन उद्रेकांच्या मधल्या विरामात त्यांनी पुन्हा त्या भूमीवर पाय ठेवला होता. असे विराम इथेही पडले. विहिरीतला तो लाल थर त्याचाच साक्षीदार.

जळकोटजवळून जाणारा महामार्ग रुंद करताना जिथे कातळ कापला गेला तिथे कडेला उभे राहिले की थर मोजता येतात. काळा, मांजऱ्या, लाल, पुन्हा काळा. त्या लाल पट्ट्याखाली कधी एखादा पांढुरका, हलका, पानासारखा सुटणारा दगड दिसला, तर तो खिशात घालू नये. छायाचित्र घ्यावे, जागा लिहून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या कुणाला तरी दाखवावे. दहांपैकी नऊ वेळा ते काहीच नसेल. नस्कलच्या गाळाच्या पोत्यांतही बहुतेक काहीच नव्हते.